तीनशे पाच सांगितलं की मूल ३००५ का लिहितं? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात खानदेशातनं आलेले बरेचसे प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, ते म्हणजे एकक दशक शतक. कोणी आई आहे, कोणी शिक्षक, एक रिटायर्ड आजोबा आहेत, म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त हेच घेतलेत.

मॅडम नमस्कार, आम्ही अमळनेरला राहतो, मुलगी तिसरीत आहे. पाढे पाठ आहेत, साधी बेरीज येते, पण तीनशे पाच सांगितलं की ३००५ लिहिते, एकोणसाठ सांगितलं की ६९, आणि बावन्नचं कधी कधी २५ करते. ट्यूशनच्या मॅडम म्हणतात लक्षच देत नाही, रोज दोनदा १ ते १०० लिहून घ्या. मी लिहून घेते पण ती रडायला लागते. काय करू? – एक आई, अमळनेर

ताई, सगळ्यात आधी ते रोजचं लिहून घेणं बंद करा. १ ते १०० ओळीने लिहिताना मूल संख्या समजून लिहीतच नाही, एककाच्या रांगेत ० ते ९ उतरवत जातं आणि दशकाच्या रांगेत एकच आकडा खाली खाली काढत नेतं, हात चालतो, डोकं चालायची गरजच पडत नाही.

आणि तुमची मुलगी लक्ष देत नाही हे मला अजिबात पटत नाही, उलट ती नीट कान देऊन ऐकते. तीनशे ऐकलं, ३०० लिहिलं, पाच ऐकलं, पुढे ५ लिहिला, झाले ३००५. जसं कानावर पडलं तसं उतरवलं. तिला एवढंच कळलेलं नाहीये की ३०० मधली दोन शून्यं म्हणजे दशकाचं आणि एककाचं घर रिकामं आहे, आणि पाच आला की त्याने त्या शेवटच्या रिकाम्या घरात बसायचं, बाजूला नवीन घर काढायचं नाही. हे बोलून समजावण्यात वेळ घालवू नका, बोलून कळत नाही, हाताने करून कळतं.

घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच, त्यांच्या पट्ट्या कापा. एक पट्टी तीन घरांची त्यावर ३००, एक दोन घरांची त्यावर ४०, एक एकाच घराची त्यावर ५. घरं सगळ्या पट्ट्यांवर एकाच मापाची पाहिजेत, हे फार महत्त्वाचं, माप चुकलं की सगळं वाया. आता तिला म्हणा, तीनशेची पट्टी खाली ठेव आणि पाचची पट्टी तिच्यावर उजवीकडची कड जुळवून ठेव. ३०५ दिसेल. मग पाचची पट्टी उचलायला सांगा, खालचं शून्य दिसेल. परत ठेव, परत उचल. मुलं हे चार-पाच वेळा स्वतःहून करून बघतात आणि कुठेतरी एकदम "अरे, शून्य खाली लपलंय" असं म्हणतात, ते त्यांनाच म्हणू द्या, तुम्ही आधी सांगून टाकू नका. नंतर मध्ये चाळीसची पट्टी घाला, ३४५. पट्ट्या सरकवून वेगळ्या केल्या की ३००, ४० आणि ५, पुस्तकात ज्याला विस्तारित रूप म्हणतात ते हेच. असे ५०० पर्यंतचे, ९० पर्यंतचे आणि ९ पर्यंतचे तुकडे करून ठेवले की बघता बघता ५९९ पर्यंतची कुठलीही संख्या मांडता येते.

एकोणसाठचं कारण वेगळं आहे. मराठीत १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंत सगळ्यांची नावं पुढच्या दशकावरून येतात, एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, पण मुलाच्या कानात "साठ" घुमत राहतं, सहा लिहून होतो आणि नऊ तर त्याला माहीतच असतो, म्हणून ६९. (फक्त ९९ ला आपण नव्याण्णव म्हणतो, तिथे हा घोळ होत नाही.) बावन्नचं तर उघडच आहे, बोलताना दोन आधी येतो आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी. ११ ते ९९ मधल्या बहुतेक नावांमध्ये बोलायचा क्रम आणि लिहायचा क्रम असे उलटे आहेत, आणि मोठ्यांना हे वर्षानुवर्षांच्या सवयीने जाणवतच नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत दिली होती, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या, आणि केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवातीचे काही महिने मुलाने "पन्नास दोन, बावन्न" असं दोन्ही जोडून म्हणावं, त्याने भाषा कुठेही बुडत नाही आणि मुलाला ५ आधी का लिहायचा ते कळतं. एकदा पक्कं झालं की "पन्नास दोन" आपोआप गळून पडतं. तुमच्याकडे पण हेच करा, एकोणसाठला "पन्नास नऊ, एकोणसाठ".

अजून एक, आज संध्याकाळीच करून बघा. सोळा चिंचोके मोजून तिच्यापुढे ठेवा, कागदावर १६ लिहायला सांगा, मग ६ वर बोट ठेवून विचारा, हा किती चिंचोक्यांचा आहे, दाखव. ती सहा बाजूला काढेल. मग १ वर बोट ठेवा आणि तेच विचारा. बरीच मुलं एकच चिंचोका दाखवतात आणि उरलेले नऊ मध्येच पडून राहतात, त्या नवांचं काय हे विचारलं की गप्प. तुमच्या मुलीने एकच दाखवला तर समजा की तीनशे पाच हा पुढचा विषय आहे, आधी दहाचा गठ्ठा बांधायला शिकायचंय. त्यात कमीपणा काही नाही, तिसरीत काय चौथीतही खूप मुलं इथेच अडलेली असतात.

मी रावेर तालुक्यात जि. प. शाळेत शिकवतो. परिसरातलं साहित्य वापरायचं म्हणून केळीची फणी म्हणजे दशक आणि घड म्हणजे शतक असं शिकवायचा विचार आहे. मुलांना लगेच कळेल असं वाटतं. तुमचं मत? – एक शिक्षक, रावेर

सर, कल्पना मनापासून आवडली, पण कृपया हे करू नका. फणीत केळी कधी चौदा असतात कधी अठरा, वरच्या फणीत जास्त खालच्या फणीत कमी, आणि घडात फण्याही दहाच असतील असं नाही. केळीच्या बागेत वाढलेल्या पोरांना तर हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दशकाचा सगळा जीवच यात आहे की गठ्ठा बरोब्बर दहाचा, नऊचा नाही अकराचा नाही, आणि दहा दशकांचाच एक शतक. फणीवरून मुलं शिकतील की "पुष्कळ म्हणजे दशक" आणि मग ते पुसून काढायला दुप्पट मेहनत लागेल.

तुरीच्या काड्या घ्या सारख्या मापाच्या तोडून, नाहीतर चिंचोके आणि रिकाम्या काडेपेट्या. पण गठ्ठे तुम्ही बांधून वर्गात नेऊ नका, ही चूक बहुतेक ठिकाणी होते, गणितपेटीतले तयार दांडे वाटले जातात आणि मुलांना तो दांडा म्हणजे एक वेगळीच वस्तू वाटते. एका गटापुढे काड्यांचा ढीग टाका, अंदाज विचारा किती असतील, मग मोजायला लावा. सुट्या मोजताना मध्येच कोणी बोललं की विसरायला होतं, परत पहिल्यापासून, आणि तिथेच दहा-दहाचे गठ्ठे बांधायची गरज त्यांना स्वतःला वाटते. रबर लावून दहा काड्या बांधायच्या, दहा गठ्ठे झाले की दोरीने एक मोठा जुडगा. मग फळ्यावर तीन घरं आखून जुडगे किती, गठ्ठे किती, सुट्या किती एवढंच लिहायचं. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना तुम्ही "कितला?" म्हणून विचारलंत तर फारच छान, सातपुड्यातल्या पाड्यांवर ज्यांच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात त्यांना तर मराठी संख्यानावं हीच एक नवी भाषा असते, तिथे आधी काड्या आणि आकडे, नावं सावकाश.

नोटा-नाणी पण वापरा पण काड्यांच्या नंतर. दहाची नोट एक रुपयाच्या नाण्यापेक्षा दहापट मोठी दिसत नाही ना, तिची किंमत मुलाला मानून घ्यावी लागते. काड्यांचा गठ्ठा मात्र खरंच दहापट जाड असतो, सोडला की दहा काड्या समोर पडतात.

मुलगा चौथीत. ३०२ – १७८ याचं उत्तर कधी २७६ आणतो कधी १३४. मी त्याला "उसना घ्यायचा" शिकवतो तर तो म्हणतो शेजारी शून्य आहे, त्याच्याकडे काही नाहीच. त्यात माझे वडील तिसरीच पद्धत सांगतात, वरच्याला दहा दे आणि खालच्यात एक वाढव. घरात रोज वाद. कोणाचं बरोबर? – एक वडील, शिरपूर

दादा, वडिलांचं पण बरोबर आणि तुमचं पण, त्याची दोन्ही उत्तरं चुकीची, पण दोन्ही चुका वेगवेगळ्या आहेत आणि त्या ओळखल्या की काम सोपं होतं.

२७६ येतं तेव्हा तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय, ८ मधून २, ७ मधून ०, ३ मधून १. त्याच्यासाठी ३०२ ही एक संख्या नाहीच, तीन सुटे आकडे आहेत. १३४ येतं तेव्हा तो पुढे गेलाय, शतकातून एक घेतला, एककाला बारा केले, पण दशकाच्या घरात दहा ठेवून दिले, म्हणजे एकच शंभर दोनदा वापरलं.

त्याला असं सांगा की तुझ्याकडे शंभराच्या तीन नोटा आणि दोन रुपये आहेत, भाजीवालीला १७८ द्यायचेत आणि तिच्याकडे सुट्टे नाहीत. एक शंभराची नोट मोडली, दहाच्या दहा नोटा आल्या, त्यातली एक अजून मोडली, दहा सुटे रुपये. आता हातात काय? शंभराच्या दोन, दहाच्या नऊ, आणि बारा रुपये. एकूण पैसे तेवढेच, ३०२. बारातून आठ दिले चार उरले, नवातून सात दोन उरले, दोनातून एक, एक उरला. १२४. मधल्या घरात नऊ का येतात ते नोट मोडल्याशिवाय कळत नाही, नुसतं "शून्याचे नऊ कर" सांगितलं तर तो पुढच्या वेळी कुठल्याही शून्याचे नऊ करेल.

याच्यापुढचं एक, मला फार आवडतं. ३०२ म्हणजे ३० दशक आणि २ सुटे असंही म्हणता येतं की. ३० दशकातला एक मोडला, २९ दशक आणि १२ सुटे. १२ उणे ८ चार, २९ उणे १७ बारा, उत्तर १२४, मध्ये शून्य आडवं येतच नाही. ज्या मुलाला ३०२ मध्ये तीसही दिसतात त्याला स्थानिक किंमत खरी कळली असं मी धरते, कारण पुस्तकातला प्रश्न "दशकाच्या घरात काय आहे" असा असतो, उत्तर शून्य, पण "३०२ मध्ये एकूण दशक किती" याचं उत्तर तीस आहे, आणि हा प्रश्न आपण मुलांना जवळजवळ कधी विचारतच नाही.

वडिलांची पद्धत म्हणजे दोन्ही संख्या सारख्याच वाढवायच्या. वर एककात दहा वाढवले तर खाली दशकात एक वाढवायचा, दोन्हीकडे दहाच वाढले म्हणून फरक तोच राहतो. १२ उणे ८ चार, मग १० उणे ८ दोन, मग ३ उणे २ एक. झपाट्याने होते आणि अचूक आहे, त्यांच्या पिढीची बरीच माणसं अशीच वजाबाकी करतात. फक्त मुलाला एका वेळी एकच पद्धत राहू द्या, नोट मोडणं पक्कं झालं की आजोबांकडे पाठवा, तेव्हा त्याला मजा येईल.

मी रेल्वेतून रिटायर झालो, भुसावळला असतो. नातू पाचवीत हुशार आहे. गाडी १२.४५ ला सुटली आणि १४.१० ला पोचली तर किती वेळ लागला विचारलं तर म्हणाला १ तास ६५ मिनिटं. वजाबाकी पद्धतशीर करून दाखवली. मी लहानपणी आणे-पैचे हिशोब केलेत, आमचं असं कधी झालं नाही. – एक आजोबा, भुसावळ

आबा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्ही सोळा आण्यांचा रुपया मोडायचात, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा, म्हणजे प्रत्येक घराचा गठ्ठा वेगळा आणि रोज हाताला सवय की हे घर मोडलं तर किती सुटे निघतात ते आधी बघायचं. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, आणि मेट्रिक मापंही त्याच सुमारास आली, तेव्हापासून मुलांच्या भोवती सगळं दहा-शंभरचंच आहे. कापूस क्विंटलने, तो पण शंभर किलोचा. त्यामुळे नातवाने चौदा तासातला एक मोडला आणि सवयीने शंभर मिनिटं काढली, ११० उणे ४५, पासष्ट. साठ काढली असती तर ७० उणे ४५, पंचवीस. १ तास २५ मिनिटं.

त्याला १२.४५ असं टिंब देऊन लिहायला लावू नका, १२ तास ४५ मिनिटं असं दोन घरांत लिहू द्या आणि वर लिहू द्या "१ तास = ६० मिनिटं". आणि त्याला हेही सांगा की प्राचीन बॅबिलोनचे लोक संख्याच साठाच्या गठ्ठ्याने लिहायचे, आपल्या घड्याळातले साठ त्यांच्याकडूनच आलेत. मग तुमचे आण्यांचे हिशोब त्याला घाला, तीन रुपये चार आण्यातून एक रुपया नऊ आणे वजा कर म्हणा. एक रुपया अकरा आणे आलं पाहिजे. ज्याला ते जमलं त्याचं घड्याळ परत चुकणार नाही.

आमच्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्य होते, मग एकक-दशक पद्धत त्यांनीच शोधली का? कॉलेजात भाषणासाठी हवंय. – एक विद्यार्थी, चाळीसगाव

नाही, आणि भाषणात तसं म्हणू नकोस, कारण खुद्द भास्कराचार्यच तसं म्हणत नाहीत. ११५० साली त्यांनी लीलावती लिहिली, त्यात एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी इथपासून परार्धापर्यंत दहापटीने वाढणारी अठरा स्थानांची नावं दिलीत, आणि शेवटी म्हटलंय "संख्यायाः स्थानानां व्यवहारार्थं कृताः पूर्वैः", म्हणजे व्यवहारासाठी पूर्वीच्या लोकांनी ही केली. एवढा मोठा माणूस श्रेय मागच्यांना देतो, हे भाषणात नक्की घे.

मागचे कोण? आर्यभटांच्या ४९९ च्या ग्रंथात "स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्" असं आहे, एका स्थानाहून पुढचं दहापट. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये शून्याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आज आपण लिहितो तसेच शून्य देऊन कोरलेत. त्याच्याही कितीतरी आधी जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेखात संख्या आहेत पण तिथे दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, त्यामुळे घरंही लागत नाहीत आणि शून्यही लागत नाही. नाणेघाट ते ग्वाल्हेर हा प्रवास सांगितलास तरी भाषण भरेल.

पाटणचा संबंध मात्र पक्का आहे. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण पाटणच्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. आणि १२०२ मध्ये तिकडे इटलीत फिबोनाची आपल्या पुस्तकातून लोकांना हे "भारतीय आकडे" आणि शून्य समजावून सांगत होता, अरबांकडून शिकून. म्हणजे युरोपातले व्यापारी रोमन आकड्यांतून बाहेर पडायला बघत होते जवळपास त्याच काळात पाटणच्या डोंगराखाली पोरं ही स्थानांची नावं पाठ करत होती. पाटणादेवीला बरेच जण दर्शनाला जाऊन येतात आणि शिलालेखाची चौकशीही करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. तू गेलास तर चार मित्रांना घेऊन जा.

मी पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसणार आहे. ४७,०७२ मधल्या दोन ७ च्या स्थानिक किमतीतला फरक ६,९३० येतो ना? आणि शून्याची स्थानिक किंमत शून्यच तर मग ते लिहायचंच कशाला? – नंदुरबार

फरक बरोबर, ७,००० उणे ७०. दुसरा प्रश्न तर त्याहून भारी विचारलास. शून्य काढून बघ, ४,७७२ झाले. शून्याची स्वतःची किंमत काहीच नाही पण ते होतं म्हणून ४ दशहजाराच्या घरात होता आणि पहिला ७ हजाराच्या, ते गेल्यावर दोघंही एकेक घर उजवीकडे घसरले आणि त्यांची किंमत दहापट कमी झाली. ७ आणि २ उजवीकडे होते ते जागचे हलले नाहीत. म्हणून तर डावीकडे सगळ्यात पुढे शून्य लावलं, ०४७०७२, तरी काही बदलत नाही, कोणाचंच घर हलत नाही. जळगावच्या फोन कोडमध्ये, ०२५७ मध्ये, पुढचं शून्य काढलं तर चालत नाही असं तू म्हणशील, पण ती संख्या नाहीये, नुसती आकड्यांची खूण आहे, त्यातल्या २ ची स्थानिक किंमत परीक्षेत कोणी विचारणार नाही.